जुनी पादत्राणे : दुरुस्ती, दान आणि पुनर्वापर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावे जलमय झाली. पाणी ओसरू लागताच राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचा ओघ सुरू झाला. प्रसिद्धीच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकास त्या दिवसांत एका मदत केंद्रावर जावे लागले. धान्याची पोती एका बाजूस, अंथरूण-पांघरूण दुसऱ्या बाजूस, औषधांची खोकी टेबलावर, अशी व्यवस्था तेथे नीट लावलेली होती. व्हरांड्याच्या टोकाला मात्र कमरेएवढा एक ढीग होता आणि त्याकडे कोणी फारसे वळत नव्हते. तो ढीग पादत्राणांचा होता.

त्या ढिगात तळ फाटलेले बूट होते, उंच टाचांचे सँडल होते, लग्नसमारंभात घालावयाच्या जरीच्या मोजड्या होत्या, आणि सर्वांत अधिक होत्या त्या एकेकट्या चपला. निघताना जोडीने निघालेल्या. परंतु पोत्यातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून ओट्यावर येईपर्यंत त्यांची ताटातूट झालेली. चिखल तुडवीत आलेली एक बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीसाठी चपला शोधत होती. तिला मापाची डावी चप्पल सापडली. उजवी शोधण्यात अर्धा तास गेला आणि ती सापडली नाहीच. डावी चप्पल पुन्हा ढिगावर नीट ठेवून ती बाई मुलीचा हात धरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोन महाविद्यालयीन मुलांनी बसून तो ढीग निवडला. पायात घालण्याजोगे जोड निम्म्याहून कमी निघाले. उरलेला माल नगरपालिकेच्या कचरागाडीतून गेला. पुराच्या कचऱ्याने आधीच बेजार झालेल्या त्या गावात आपल्या मदतीने आणखी एका गाडीची भर घातली होती.

पाठविणाऱ्यांच्या दानतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चुकली होती ती पद्धत, आणि पद्धत चुकली ती जुना जोड म्हणजे काय याचा आपण कधी विचारच करीत नसल्यामुळे. जुने कपडे घेऊन भांडे देणारी बोहारीण आपल्या परिचयाची आहे. रद्दीवाला ठरलेल्या दिवशी दारावर येतो. पादत्राणांसाठी अशी सर्वमान्य वाट राहिलेली नाही. जगात दरवर्षी सुमारे २,४०० कोटी जोड पादत्राणे तयार होतात आणि उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. घेतलेला प्रत्येक जोड केव्हातरी नकोसा होणारच. तो कोणाच्या उपयोगी पडेल की कचऱ्यात जाईल, हे बहुतांशी तो आपल्या घरातून केव्हा आणि कोणत्या स्थितीत बाहेर पडतो यावर अवलंबून असते.

अनवाणी पायांचा प्रश्न

पादत्राण ही शोभेची वस्तू आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पावसाळ्यात एखाद्या खेड्यातील पाणंदीवरून अनवाणी चालून पाहावे. अंकुशकृमीची सूक्ष्म अळी ओलसर, दूषित मातीत असते; ती उघड्या पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते आणि आतड्यात जाऊन रक्त शोषते. मुलांमधील व स्त्रियांमधील रक्तक्षयाचे हे एक कारण होय. मुंबईत २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. साचलेल्या पाण्यातून पायावरील जखमेवाटे या रोगाचे जंतू शिरतात, म्हणून महापालिकेचे आरोग्य खाते दर पावसाळ्यात अशा पाण्यातून अनवाणी जाऊ नये असा इशारा देत असते. शेतात काम करणाऱ्याच्या पायाखाली बाभळीचा काटा असतो, कोकणात विंचू असतो, आणि सापाचा दंश बहुधा पायालाच होतो.

राज्य शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशासोबत एक जोड बूट व दोन जोड पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. ही महत्त्वाची सोय आहे. तथापि शाळकरी मुलाचे पाऊल वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटरने वाढते, आणि शाळेचा बूट घालून मूल ओढ्यावर किंवा शेळ्यांमागे जात नाही. त्याच्या आईबापांच्या पायांचा प्रश्न तर शाळेच्या कक्षेबाहेरचा आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, बांधकामाच्या खडीवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांस एक मजबूत जुना जोड मिळाला, तर त्याचा उपयोग लगोलग होतो.

आधी गटई कामगाराकडे

जोड दुसऱ्याला देण्याचा विचार करण्यापूर्वी तो आपल्याच पायात आणखी वर्षभर राहील काय, हे पाहणे श्रेयस्कर. आपल्या आजोबांच्या पिढीत दुरुस्ती हा पादत्राणाच्या आयुष्यातील नित्याचा भाग होता. कोल्हापुरी चपलेची घडणच त्या हिशेबाने झालेली आहे. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे, आणि खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, ही अस्सल चपलेची खूण. तळ झिजला तर तळ बदलतो, अंगठा तुटला तर अंगठा. बाकीची चपल तशीच राहते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांतील या कारागिरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सौंदर्याचा गौरव पुष्कळ झाला. परंतु टाक्याटाक्याने सुटी होऊन पुन्हा जुळणारी वस्तू म्हणून तिची थोरवी फारशी कोणी सांगत नाही.

आजचा बहुतेक बूट याच्या उलट पद्धतीने तयार होतो. तळाचा द्रव पदार्थ साच्यात ओतून वरच्या भागाला जागेवरच चिकटविला जातो, किंवा तळ व वरचा भाग नुसत्या चिकटद्रव्याने जोडले जातात. असा तळ एकदा सुटला की ग्राहक नवा जोड घेतो. वास्तविक सुटलेला तळ पुन्हा चिकटवून भोवतीने शिलाई मारली तर तो बूट पुष्कळ दिवस टिकतो. दुकानातील छोट्या नळीतील झटपट चिकटणारे द्रव्य मात्र वापरू नये. ते वाळून काचेसारखे कडक होते आणि पाऊल वाकताच तडकते. शिवाय पुढे कारागिराला तेथे सोल्यूशन लावणे कठीण जाते. टाच एका बाजूने झिजू लागताच टाचेचे रबर बदलावे. तिरप्या टाचेवर महिनोन्महिने चालल्यास जोड तर जातोच, गुडघाही कुरकुरू लागतो. हवाई चपलेचा पट्टा आठवडे बाजारात सुटा मिळतो. अंगठ्याच्या गुंडीखाली सेफ्टी पिन अडकवून चालणाऱ्या मंडळींना हे सांगावयास हवे असे नाही. त्यांना ते ठाऊक असते, फक्त बाजाराचा दिवस लक्षात राहत नाही.

दुरुस्तीचा हा व्यवसाय ज्यांच्या हाती आहे, ते गटई कामगार रस्त्याच्या कडेला आरी, रापी आणि तीन पायांची लोखंडी तिवई घेऊन उन्हापावसात बसतात. त्यांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना सामाजिक न्याय विभागामार्फत राबविली जाते. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात त्याविषयी चौकशी करता येते. १९७४ मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या समाजासाठी प्रशिक्षणाच्या व कर्जाच्या योजना चालविते. परंतु स्टॉल मिळाला तरी त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभे राहिले पाहिजे. चौकात बसणाऱ्या कारागिराचे दुकान चालू राहणे किंवा उठणे, हे त्या चौकातून जाणाऱ्यांच्या पायांवर ठरते.

माळ्यावरचा जोड

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सकाळी फिरावयास जाण्यासाठी एक बऱ्यापैकी महागाचा बुटांचा जोड घेतला. उत्साह महिनाभर टिकला. मग तो जोड खोक्यात घालून, ‘कोणाला तरी देता येईल’ असे म्हणून माळ्यावर ठेवला. तेथे तो सहा वर्षे राहिला. आमच्या कार्यालयातील शिपायाचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करू लागला, तेव्हा त्याची आठवण झाली. या भरतीत मुलांना १,६०० मीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते. पहाटे डांबरी रस्त्यावर अनवाणी किंवा साध्या चपलांनिशी धावणारी मुले महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. जोड खाली काढला. वरून तो नवाच दिसत होता. मुलाच्या पायाला तो बेतलेला बसला, आणि घरात सर्वांनाच समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा दारात उभा राहिला. हातात बूट होता, आणि बुटाचा तळ वेगळा. खाली मान घालून तो म्हणाला, “साहेब, माझ्याकडून फाटला. मी नीट वापरत होतो.”

चौकातील गटई कामगाराने तो तळ बोटांनी दाबून पाहिला, तेव्हा ओल्या बिस्किटासारखा त्याचा चुरा झाला. “याला टाका कुठं घालू, साहेब?” तो म्हणाला. “सुई धरायला काही नको का आत?” मुलाचा यात काडीमात्र दोष नव्हता. अनेक बुटांचे तळ पॉलियुरेथेन या हलक्या, स्पंजासारख्या पदार्थाचे असतात. हवेतील बाष्पाशी या पदार्थाची सावकाश रासायनिक क्रिया होत राहते आणि त्याची घट्ट वीण आतून तुटत जाते. बूट वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. आपल्या किनारपट्टीवरील दमट हवा, बंद खोके, त्यातच गुंडाळलेले प्लॅस्टिक, हे सारे तिला पोषकच ठरते. बाहेरून जोड नवा दिसतो. आत त्याचे आयुष्य संपलेले असते. रबराचा तळ किंवा फेसाळ रबरासारख्या दिसणाऱ्या ई.व्ही.ए. या पदार्थाचा तळ अशा रीतीने विरघळत नाही. पण जुने रबर कडक होऊन भेगाळते आणि जोडावरील चिकटद्रव्यही वर्षागणिक दुबळे होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की जोड देण्याचा योग्य काळ तो नकोसा झाला तोच. वर्षभरात एकदाही पायात न चढलेला जोड पुढील वर्षीही चढत नाही, असा बहुतेक घरांतील अनुभव आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा काढला जातो. त्याच वेळी जोडही काढावेत. प्रत्येक तळ दोन्ही हातांनी वाकवावा, टाच अंगठ्याने जोराने दाबावी. भेगा दिसल्या, भुकटी सुटली किंवा दाबलेला खळगा तसाच राहिला, तर तो जोड कोणाच्याही पायात घालावयाचा नाही. (माळ्यावरचा बूट आधी उपडा करून झटकावा, हेही सांगून ठेवतो. अडगळीतील बुटाचे पोकळ टोक ही विंचवाची आवडती जागा आहे. कोकणात विंचूदंशाने पूर्वी किती माणसे दगावत, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे सर्वांस ठाऊक झाले आहे.)

देताना घ्यावयाची काळजी

जोड स्वच्छ करणे ही पहिली गोष्ट. कापडी व खेळाचे बूट नाड्या आणि आतील सुटा तळवा काढून साबणाच्या पाण्याने धुवावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते वारा लागेल अशा सावलीत वाळवावेत. कडक उन्हात चिकटद्रव्य सुटते. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नयेत. पावसाळ्यात पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या व इतर बुरशीजन्य विकार ओलसर बुटांतून एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर जाऊ शकतात. शक्य असल्यास आतील तळवा नवा घालून द्यावा. तो सुटा मिळतो, आणि घालणाऱ्याला तो जोड एकदम आपला वाटतो. चामड्याच्या बुटावरील बुरशी कोरड्या फडक्याने पुसून पॉलिश करावे.

दुसरी गोष्ट जोडी बांधण्याची. मदत केंद्रावरील त्या मायलेकींची आठवण ठेवून सांगतो, की या लेखातील एवढी एक सूचना पाळली गेली तरी पुष्कळ झाले. डाव्या-उजव्या बुटाच्या नाड्या एकमेकींत गाठ मारून बांधाव्यात. चपलांना नाडी नसते. त्यांचे तळ एकमेकांना लावून सुतळीने बांधावेत. सुतळीला चिठ्ठी अडकवून तीवर माप लिहावे. नुसता क्रमांक लिहून भागत नाही, कारण इंग्लंडची, अमेरिकेची आणि युरोपची मापे भिन्न असून आपल्या बाजारात ती सर्व चालतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली. भारतीय पाऊल परदेशी मापांच्या मानाने रुंद असल्याचे तीत आढळले आणि त्यावरून ‘भा’ या नावाची स्वदेशी मापपद्धती सुचविण्यात आली. ती घरोघर रुळेपर्यंत सर्वांत सोपा मार्ग हा, की बुटाच्या आतील तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून चिठ्ठीवर लिहावी, आणि ‘पुरुष’, ‘स्त्री’ किंवा ‘मूल’ असा उल्लेख करावा.

कोणता जोड कोणास द्यावा यालाही विवेक हवा. पूरग्रस्तांना रबरी चपला द्याव्यात. त्या धुता येतात, लवकर वाळतात आणि एखादा क्रमांक पुढेमागे झाला तरी चालतात. उंच टाचांचे सँडल तेथे निरुपयोगी होत. नुकतेच चालू लागलेल्या बालकास दुसऱ्या मुलाचे झिजलेले बूट घालू नयेत. बुटाचा तळवा पहिल्या पावलाच्या आकाराने दबलेला असतो. मधुमेही आणि कुष्ठरोगातून बरे झालेले, परंतु पायाची संवेदना गेलेले रुग्ण यांना तर जुना जोड कधीही देऊ नये. घट्ट शिवणीने पडलेला फोड त्यांना जाणवत नाही आणि त्याचे रूपांतर न भरणाऱ्या जखमेत होते. संवेदना गेलेल्या पायांसाठी सूक्ष्मछिद्री मऊ रबराची खास पादत्राणे असतात. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली कुष्ठरुग्णांना ती पुरविली जातात. अशा व्यक्तीला मदत करावयाची असेल, तर तिला आरोग्य केंद्रापर्यंत घेऊन जावे.

आणखी एक गोष्ट. प्रसिद्धीच्या क्षेत्रातच आयुष्य घालविलेल्या माणसाने हे लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु मुलाच्या पायात जोड चढविताना त्याचे छायाचित्र काढू नये. छायाचित्र गावभर फिरते, आणि तो जोड घालून शाळेत जाणे त्या मुलाच्या जिवावर येते.

कोठे द्यावे

जवळचा माणूस पहिला. इमारतीचा रखवालदार, घरकामाला येणाऱ्या मावशी, वृत्तपत्र टाकणारा मुलगा यांना आधी विचारावे आणि माप जुळत असेल तरच द्यावे. “घेऊन जा, कोणाला तरी होईल” असे म्हणून पिशवी हाती ठेवणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या एवढ्याशा घरात लोटणे होय. आश्रमशाळा किंवा वसतिगृह मनात असेल तर मुख्याध्यापकांना वा अधीक्षकांना पत्र लिहून कोणत्या मापाचे किती जोड हवेत ते आधी मागवावे. कॉलनीतील चार घरांनी मिळून त्या यादीप्रमाणे जोड जमविले, तर एकही फेरी वाया जात नाही.

संस्थांपैकी ‘गूंज’चे नाव सर्वपरिचित आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत तिची स्थापना केली. त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांत गोळा झालेले कपडे व इतर वस्तू निवडून, दुरुस्त करून ही संस्था खेड्यांत पाठविते. गावकरी विहीर, रस्ता यांसारखे सामाईक काम श्रमदानाने उभे करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून या वस्तू स्वीकारतात. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणारी ही पद्धत अनुकरणीय वाटते.

केवळ पादत्राणांपुरते पाहावयाचे तर मुंबई परिसरातील ‘ग्रीनसोल’चा उपक्रम उल्लेखनीय आहे. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी हे दोघे धावपटू. धावपटूचे वर्षाला कित्येक बूट निकामी होतात. वरचा भाग फाटतो, पण तळ शाबूत असतो. या तळांपासून चपला करता येतील अशी कल्पना त्यांना सुचली आणि २०१३-१४ च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले. बुटाचा वरचा भाग कापून काढतात, तळ स्वच्छ करून बेततात, पट्टे बसवितात, आणि तयार झालेल्या चपला शाळकरी मुलांना देतात. बुटाला दोन-तीन मापे असली तरी भागते, कारण तळ हवा तसा कापता येतो. माप न जुळणाऱ्या किंवा वरून फाटलेल्या खेळाच्या बुटांना ही वाट उत्तम होय.

केंद्र शासनाने १५ मे ते ५ जून २०२३ या काळात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ ही मोहीम हाती घेतली होती. तीत शहरोशहरी वापर कमी करणे, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांसाठी केंद्रे उघडण्यात आली व कपडे, पुस्तके, खेळणी यांबरोबर पादत्राणेही तेथे स्वीकारली गेली. आपल्या शहरातील केंद्र आज चालू आहे काय, याची नगरपालिकेच्या घनकचरा विभागात चौकशी करून मगच पिशवी उचलावी. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरातील नकोशा वस्तूंसाठी संकलन मोहिमा घेत असते. दानाची भाषा ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी जुना बाजार आहेच. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे पादत्राणांचा बाजार भरतो, आणि विद्यार्थ्यांपासून हमालांपर्यंत अनेकांच्या पायातील बूट तेथूनच आलेले असतात.

घालण्याजोगे नसेल तेव्हा

राहता राहिला तो पायातून कायमचा उतरलेला जोड. वितळवून नवे करावे हे बोलणे सोपे. परंतु बूट ही पुनर्चक्रीकरणास अतिशय अवघड वस्तू आहे. एकाच बुटात चामडे, कापड, नायलॉन, तीन-चार प्रकारचे फेस व रबर, लोखंडी पट्टी, पितळी छिद्रे आणि सर्वांना धरून ठेवणारे चिकटद्रव्य असते. हे घटक वेगळे केल्याशिवाय कोणताच उपयोगी पडत नाही. ‘नाइके’ या अमेरिकन कंपनीने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जुने खेळाचे बूट गोळा करून त्यांचा चुरा करण्यास सुरुवात केली. रबर, फेस व धागे वेगळे होतात आणि त्यांपासून क्रीडांगणाचे पृष्ठभाग तयार होतात. येथे बुटाचा बूट होत नाही, मैदान होते.

आपल्याकडे एकजिनसी पादत्राणे तेवढी भंगारवाला आनंदाने घेतो. साच्यातून एकसंध निघालेली प्लॅस्टिकची चप्पल किंवा पावसाळी बूट वितळवून त्याचा पुन्हा तळ होतो. म्हणून अशा चपला निराळ्या ठेवून भंगारात द्याव्यात. मिश्र घटकांचा, कुजका बूट सुक्या कचऱ्यात टाकावा. पुनर्चक्रीकरण होऊ न शकणारा जळाऊ कचरा वेगळा काढून सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून वापरण्याची सोय आहे, पण तो ओल्या कचऱ्यात माखला तर तेथवर पोहोचत नाही. थंडीत शेकोटीवर जुना जोड टाकण्याची सवय मात्र घातक आहे. प्लॅस्टिक जळून आम्लयुक्त व विषारी वायू निघतात, आणि क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या राखेत त्या धातूचे अपायकारक रूप उतरू शकते. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी मनाई केलेली आहे.

घरगुती उपयोगांची यादी देण्याचा मोह टाळतो. बुटात रोप लावलेले किती दिवस जगते, हे ज्याने लावले त्यालाच ठाऊक. हवाई चपलेच्या तळाची चाके कापून खेड्यातील मुले गाड्या करीत आली आहेत. केनियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या अशाच चपला चिकटवून कारागीर जिराफ व हत्ती कोरतात आणि ते देशोदेशी विकले जातात. ट्रकच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून लटकणारा जोडा हाही पुनर्वापरच म्हणावयाचा. उलट दिशेचा प्रवास तर आपल्या शेतकऱ्याला कधीचाच माहीत आहे. झिजलेल्या टायरच्या चपलांनी काटेरी बांधांवरून कित्येक वर्षे त्याला साथ दिली आहे.

आमच्या चौकातील गटई कामगाराने त्या मुलाचा बूट परत केला नाही. तळ त्याने कचऱ्यात टाकला, पण वरचा भाग ठेवून घेतला. त्याच्या लाकडी पेटीत असे पुष्कळ काही असते. जुन्या पट्ट्यांची बक्कले, टायरचे तुकडे, कुठल्याशा बुटाची शाबूत जीभ, नाड्यांची छिद्रे. आठवड्याभराने तो मुलगा दुसऱ्या एका जोडाचा तळ शिवून घ्यावयास तेथे गेला. त्या जोडाची टाच आतून फाटलेली होती. तिला अस्तर लावले ते माझ्या बुटाच्या कापडाचे. त्याबद्दल त्याने मुलाकडून काही घेतले नाही. शिलाईचे मात्र रीतसर घेतले.